पायाला जमीन कळेना, तेव्हा तोल कसा सांभाळावा?



आज बी-बियाणे, खते, कीड-रोग यांपैकी काहीच सांगणार नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या पायांविषयी. आता शेतीखात्याचा माणूस पायांबद्दल काय सांगणार, ते तर डॉक्टरांचे काम, असे काहींच्या मनात येईल. बरोबर आहे. औषध मी सांगणारही नाही. पण बांधावरून घसरलेला, मोटारीच्या चौथऱ्यावरून कलंडलेला, पाटाच्या कडेला पडून खुबा मोडलेला माणूस दवाखान्यात जातो तो शिवारातूनच जातो. आणि तो का पडला, हे बांधावर उभे राहून पाहिल्याशिवाय समजत नाही.

गावोगाव फिरताना बोलणी कानावर येतात ती अशी. "साहेब, पायाला सारख्या मुंग्या येत्यात." "चप्पल निसटून मागं राहिली तरी कळत न्हाई." "अंधारात चाललं की झोकांडी जाते." एका वारकरी गृहस्थांना तर लोक मागून हसायचे, म्हातारा घ्यायला लागला म्हणून. त्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. पायांचा बधिरपणा हे त्यामागचे खरे कारण होते. तळपायाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, कमजोर झाले की असे होते. डॉक्टर त्याला न्यूरोपॅथी म्हणतात.

हे होते कसे ते आधी समजून घेऊ. कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी कायम तक्रार करतो, की पाणी आमच्यापर्यंत पोचतच नाही. शरीरातही तसेच आहे. कमरेतून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सर्वांत लांब, जवळजवळ एक मीटर. बिघाड झाला की पहिला फटका शेपटाला. म्हणून दोन्ही पायांची बोटे आधी बधिर होतात, मग तळवा, मग मोजा घातल्यासारखे वर घोट्यापर्यंत. कोणाला जळजळ होते, कोणाला कापसावर चालल्यासारखे वाटते, कोणाला काहीच वाटत नाही. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण दुखत नाही म्हणून कोणी दाखवायला जात नाही.

आता तोलाचे. आपले उभे राहणे हे तीन दगडांच्या चुलीसारखे आहे. एक दगड डोळे, दुसरा कानाच्या आत असलेले तोलाचे इंद्रिय, आणि तिसरा पायांची जाणीव. जमीन मऊ आहे की कडक, उतार कुठे आहे, घोटा किती वाकला आहे, ही खबर पाय क्षणाक्षणाला मेंदूला देत असतात. हा तिसरा दगड ढिला झाला तरी दिवसाउजेडी माणूस चालतो, कारण डोळे सांभाळून घेतात. पण अंधार पडला की दोन दगड गेले. चुलीवरचे भांडे कलंडणारच!

म्हणूनच ही माणसे पडतात त्या जागा आणि वेळा ठरलेल्या असतात. रात्री मोटार चालू करायला जाताना. डोक्यावर वैरणीचा भारा असताना, कारण भाऱ्याखालून स्वतःची पावले दिसत नाहीत. गुडघाभर पिकातून जाताना. आणि एक जागा कोणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे न्हाणी. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, पुढे वाकले, की गेला तोल. तुमच्या घरात कोणी तोंड धुताना भिंतीला हात लावत असेल तर त्याची थट्टा करू नका, त्याचे पाय तपासा.

तपासायचे कसे? इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी एक साधी तपासणी काढली आहे. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. ज्याची तपासणी करायची त्याला खाटेवर आडवे करावे, डोळे मिटायला सांगावे. मग आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या पायाच्या बोटाला पिसासारखे हलके, एक-दोन सेकंद टेकवावे. दाबू नये, घासू नये, टोचू नये. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या अशा सहा ठिकाणी स्पर्श करून कोणता पाय ते विचारावे. एका जागी एकदाच, पुन्हा पुन्हा नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असे धरून डॉक्टरांना दाखवावे.

कारण शोधणे हे डॉक्टरांचे काम आहे, पण आपल्याला माहिती असलेली बरी. सर्वांत मोठे कारण म्हणजे मधुमेह, आपण शुगर म्हणतो तो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचे अनुमान निघाले. तेव्हा हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत सोडून द्यावी. दुसरे कारण बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी माणसांत ती बरीच आढळते, आणि शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही. ही लवकर ओळखली तर बऱ्याच अंशी सुधारते. दारू हे तिसरे. कुष्ठरोगही नसांनाच धरतो. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

फवारणीचेही एक सांगितले पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्यातली एक बाजू मात्र थोड्यांना ठाऊक आहे. ऑरगॅनोफॉस्फरस गटातील काही औषधांची मोठी विषबाधा झाली, तर माणूस बरा होऊन घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येतात, पायाला मुंग्या येतात, चालताना पंजा उचलत नाही. तसे झाल्यास थकवा म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे जावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी.

आता मुख्य मुद्दा. गेलेली जाणीव परत येईल का? कारणावर इलाज केला तर पुढचा बिघाड थांबतो किंवा मंदावतो, पण बधिर झालेला पाय पहिल्यासारखा होईलच असे सांगता येत नाही. मग तोल गेला तो गेलाच का? नाही. नस पहिल्यासारखी झाली नाही तरी तोल सुधारतो. उरलेले दोन दगड घट्ट बसवता येतात आणि पायातली ताकद वाढवता येते. गोऱ्हा जुवाखाली पहिल्या दिवशी चालतो का? रोज थोडे थोडे ओढत शिकतो. शरीरही तसेच शिकते, साठी-सत्तरीतही शिकते. उलट पडण्याच्या भीतीने जो माणूस ओसरीला धरून बसतो, त्याच्या मांड्या-पोटऱ्या वाळतात आणि तो जास्त पडतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट जे व्यायाम शिकवतात, ते घरी करता येण्यासारखे आहेत. पण आधी जागा ठरवा. सपाट, कोरडी, उजेडाची जागा हवी. घराचा कोपरा सगळ्यांत उत्तम, म्हणजे पाठीमागे दोन भिंती आणि समोर न सरकणारी जड खुर्ची. पायात चप्पल-बूट असावेत. घरातले कोणीतरी जवळ असावे. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी व्यायाम करू नये, जवळ साखर किंवा गूळ ठेवावा. आणि तळपायाला जखम असेल तर उभ्याचे व्यायाम बंद; जखम भरेपर्यंत बसूनच पाय हलवावेत.

सुरुवात टाचांपासून करा. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून टाचा सावकाश उचला, मनात तीन अंक मोजा, सावकाश टेका. असे दहा वेळा. मग टाचा टेकलेल्या ठेवून पंजे वर उचला, तेही दहा वेळा. हा दुसरा व्यायाम हलका समजू नका. उंबरठ्याला, ढेकळाला अंगठा अडकून माणूस पडतो तो पंजा पुरता न उचलल्याने. नंतर खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचे आणि सावकाश बसायचे. आधी पाच वेळा, जमेल तसे दहापर्यंत. हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल तर खुशाल टेका, महिन्याभराने पाहू. मग भिंतीला हात लावून खेकड्यासारखे आडवे चालायचे, दहा पावले इकडे, दहा पावले तिकडे.

एवढे अंगवळणी पडले की तोलाचा खरा अभ्यास. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून, एका ओळीत पाय ठेवून उभे राहा. पहिल्या दिवशी दहा सेकंदही जड जातील. तीस सेकंद जमू लागले की पाय बदला. त्यानंतर एका पायावर, पाच सेकंद, दहा सेकंद. नजर पायाकडे नको, समोर एखाद्या खुणेवर ठेवा, देवळीतल्या दिव्यावर म्हणा, कॅलेंडरवर म्हणा.

यात एक गंमत आहे. दोन्ही हातांनी धरून जमले की एका हाताने धरा. मग एक बोट नुसते टेकवा. एका बोटाचा हलका स्पर्शसुद्धा शरीराचे डुलणे कमी करतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. बोट काही वजन पेलत नाही. पायाने द्यायची ती खबर ते बोट देते. तेही जमले की बोट खुर्चीपासून दोन इंचांवर ठेवा. डोळे मिटून करायचे व्यायाम मात्र तज्ज्ञ समोर असल्याशिवाय करू नयेत.

रोज पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे पेरणीला सुरू केले तर काढणीला कळेल. आठ दिवसांत गुण येत नाही म्हणून सोडणारे पुष्कळ पाहिले आहेत. आणि गुण आला म्हणून थांबलात, तर तो हळूहळू ओसरतो. जनावराला रोज वैरण लागते तसेच हे.

चालण्याची रीतही थोडी बदलावी लागते. पावले थोडी रुंद, लहान टाकावीत. कोणी मागून हाक मारली तर टाचेवर गर्रकन फिरू नये. बैलजोडी वळवतो तसे चार-पाच पावलांचा वेढा घेऊन वळावे. खाटेवरून एकदम उठू नये. मधुमेहात काहींचा रक्तदाब उभे राहताच खाली येतो आणि चक्कर येते. मिनिटभर खाटेच्या कडेवर बसून पाय हलवावेत, मग उठावे.

काठीविषयी माझे मत स्पष्ट आहे. काठी हातात घेतली म्हणजे म्हातारपण कबूल केले, असे आपल्याकडे मानतात. मला ते पटत नाही. गुराखी पोरगाही काठी घेतोच की! बधिर पायाला जे कळत नाही ते काठी तळहाताला सांगते, चिखल आहे की दगड, खड्डा किती. काठीची उंची हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेघेपर्यंत यावी. खाली रबरी बूच बसवावे. एक पाय जास्त कमजोर असेल तर काठी त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. छत्रीची काठी करू नये, ती ऐन वेळी दगा देते.

आता आपल्या रानाकडे वळू, कारण माणूस कितीही तयार झाला तरी वाट वाईट असेल तर उपयोग नाही. सगळे बांध नीट करा असे मी म्हणणार नाही, तेवढा वेळ कोणाकडे आहे? पण घरापासून विहिरीपर्यंतची एक वाट ठरवा आणि तेवढीच पक्की करा. दोन फूट रुंद, धुमसून घट्ट केलेली, गवत कापलेली. दोन्ही बाजूंनी बांध कोरत कोरत तो वीतभर उरला की त्यावरून धडधाकट माणूसही नीट चालू शकत नाही. इथे शेजाऱ्यांची नावे घेतली जातात हे मला ठाऊक आहे. त्या भांडणात पडत नाही, पण चालण्याच्या बांधापुरते तरी दोघांनी मिळून थांबावे. काळ्या रानात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा वाटेपुरत्या मुरमाने भरून घ्याव्यात. कोकणातल्या भातखाचरांच्या बांधावर पावसाळ्यात शेवाळ धरते, तिथे चढ-उताराच्या जागी बांबूचा आडवा कठडा बांधला तरी मोठा आधार होतो.

विहिरीला कठडा नसेल तर बाकी सगळे सोडून आधी तो बांधा. कमरेइतका उंच. बधिर पायाच्या माणसाने कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर वाकून पाण्याची पातळी पाहू नये, दोरीला दगड बांधून लांबून पाहावी.

रात्रीच्या पाण्याचा प्रश्न अवघड आहे. सौर कृषी वाहिनीवरून किंवा सौर पंपावर ज्यांना दिवसा वीज मिळते, त्यांनी रात्रीचे जाणे बंदच करावे. ज्यांच्या वाट्याला अजून रात्रीची लाईट येते, त्यांच्या घरात ज्याचे पाय शाबूत आहेत त्याने जावे. अगदीच इलाज नसेल तर डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि उजेड नजर जाईल तिथे पडतो. ठिबकचे व्हॉल्व्ह रानभर विखुरण्याऐवजी वाटेच्या कडेला एका जागी आणून घेतले तर चिखलातले चालणे वाचते. मोबाईल स्टार्टर बसवला तर एक फेरी वाचते.

वैरणीचा भारा डोक्यावर घेऊ नका. अर्धा भारा पाठीवर घ्या, दोन खेपा करा, पावले दिसली पाहिजेत. धार काढायला उकिडवे बसण्याऐवजी बुटके स्टूल घ्या. वाटेवर पडलेले दावे, पाईप, ठिबकच्या नळ्या उचलून ठेवाव्यात. उंबरठ्याच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढा. न्हाणीतले शेवाळ घासून काढा आणि भिंतीला धरायला पाईपचा तुकडा पक्का बसवा. संडासातही तसाच एक.

ट्रॅक्टरचे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बंद ट्रॅक्टरवर बसा, डोळे मिटा आणि पाय क्लचवर ठेवा, मग ब्रेकवर ठेवा. पाय नेमका कुठे आहे, किती दाबला आहे, हे न पाहता कळत नसेल, तर तो ट्रॅक्टर तुम्ही चालवू नका. मोटारसायकलही नको. यात दोष तुमचा नाही, पण समोरून येणाऱ्याचा तरी काय दोष?

आता जखमांकडे या. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ सालापासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करीत. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती रोगाने सडून नव्हे, तर वेदना नसल्याने होणाऱ्या आणि लक्षात न येणाऱ्या जखमांमुळे, हे त्यांनी दाखवून दिले. शुगरच्या पायालाही तेच लागू आहे. खडा टोचला, काटा मोडला, पायाला कळत नाही. माणूस तसाच दिवसभर चालतो. म्हणून अनवाणी फिरणे बंद, रानातही आणि घरातही. सपाता पायातून निसटतात, त्यापेक्षा मागे पट्टा असलेली, मऊ तळाची चप्पल घ्यावी. एमसीआर रबराची चप्पल यासाठीच असते, सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. पायात घालण्यापूर्वी चप्पल उलटी करून झटकावी. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, आरशाने तळवा पाहावा. दिसत नसेल तर नातवंडाला पाहायला सांगावे. बधिर पाय शेकोटीजवळ नेऊ नये, कढत पाण्यात बुडवू नये, पाणी कोपराने पाहावे. बिब्बा घालणे, डाग देणे हे तर मुळीच नको. पायाला काहीच कळत नसल्याने भाजल्याची जखम खोल जाते आणि त्यातून पाय गमावण्याची पाळी येते.

बधिर हातापायांनी शेती होते का, असे एकाने मला विचारले होते. वरोऱ्याजवळचे आनंदवन पाहून या, असे मी त्यांना सांगितले. १९४९ साली बाबा आमट्यांनी स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या त्या जागेत कुष्ठरोगातून उठलेल्या माणसांनी खडकाळ माळरान फोडून शेती उभी केली. ज्या हातापायांना स्पर्श कळत नव्हता, त्यांच्याकडून ते काम झाले आहे.

उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे तीस वर्षांवरील सर्वांची शुगर आणि रक्तदाब तपासला जातो. आशाताईंना दिवस विचारून घ्या. पाय दाखवायला जाताना रोजच्या वापरातली जुनी चप्पलच घालून जा, ठेवणीतली नको. तळ कुठे झिजला आहे, यावरून भार कुठे पडतो ते डॉक्टरांना समजते. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, वैदूची पुडी घेत असाल तर तीसुद्धा, एका पिशवीत घालून बरोबर न्या.